सुटलेली शाळा परत धरायची तर आधी तिचा दिवस मोकळा करा

गावात एखादी मुलगी शाळा सोडून घरी बसली की आपण पहिल्यांदा काय करतो, तर तिच्या वडिलांना समजवायला जातो. मी पण तेच करायचे. जूनमध्ये चार घरं फिरायची, मुलीचं नाव पटावर घालायचं, गुलाबाचं फूल देऊन फोटो काढायचा आणि वाटायचं झालं काम, आणि मग दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की तीच मुलगी परत गायब. नाव घालणं सोपंय हो, एका दिवसाचं काम आहे. ती रोज सकाळी वर्गात जाऊन बसली पाहिजे हे अवघड, आणि ते नेमकं कुठं अडतं हे कळायला मला बरीच वर्षं गेली.

सुरुवातीच्या दिवसातलं एक घर अजून डोळ्यासमोर आहे. दुपारचे चारेक वाजलेले, मी ओट्यावर बसून वडिलांना शिक्षणाचं महत्त्व सांगतेय आणि ते मान हलवतायत, हो बाई, बरोबर आहे बाई. सातवीतून बसलेली त्यांची पोरगी तेवढ्या वेळात आधी मला पाणी देऊन गेली, मग चहा टाकला, कडेवर दीडेक वर्षाचा भाऊ, त्याला घेऊनच शेळ्यांना पाला टाकला, मग त्याला खाली ठेवून हापशावरून दोन खेपा आणल्या, तो रडायला लागला तर चहात बिस्कीट बुडवून दिलं आणि परातीत पीठ घेऊन बसली. मी निघताना तिची आई शेतातून आली, पदराने तोंड पुसत म्हणाली, बाई तुमचं सगळं पटतंय, पण उद्या ही शाळेत गेली तर ह्याला कोण धरायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासभर मी बोलत होते आणि ह्या एका प्रश्नाचा विचार करून आले नव्हते.

म्हणून आता कोणी नवीन ताई-दादा ह्या कामाला लागले की मी आधी हेच सांगते, भाषण बाजूला ठेवा आणि तिच्या दिवसाचा हिशेब वहीत लिहा. उठते किती वाजता, पाणी कोण भरतं, भाकरी कोण करतं, लहान भावंड कधीपासून कधीपर्यंत तिच्याकडे असतं, जनावराचं कोण बघतं, खुरपणी-वेचणी निघाली की ती रोजाने जाते का. मग त्यातली शाळेच्या वेळातली कामं वेगळी काढा. शाळा सुटलेली असते ती बहुतेक वेळा ह्या कामांपायी, आणि ती कामं दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्याशिवाय मुलगी परत येत नाही, आलीच तर टिकत नाही. घरात पैसा नाही, लग्नाची घाई आहे, रस्ता खराब आहे ही कारणं पण खरीच आहेत, त्यावर खाली बोलते, पण हिशेब आधी.

त्याच्याही आधी मुली शोधायच्या कशा ते. शाळेतून पटाची यादी मिळते पण तेवढ्यावर थांबू नका. सलग तीस दिवस मूल शाळेत आलं नाही की त्याला शाळाबाह्य धरतात, आता काही मुली महिन्यातून दोन दिवस येऊन जातात, त्यांचं नाव यादीत कधीच येत नाही आणि वर्षाच्या शेवटी त्या गेलेल्याच असतात. दुसरी गळती कुठे होते तर दोन शाळांच्या मधे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत असते, मुलीचा दाखला काढलेला असतो, म्हणजे ह्या शाळेच्या दृष्टीने ती गेली पुढच्या शाळेत, आणि पुढच्या शाळेला ती माहीतच नाही. म्हणून गेल्या दोन वर्षांत कोणाकोणाचे दाखले गेले ते जनरल रजिस्टरमधून बघून घ्या आणि एकेकीचा पत्ता लावा. तिसऱ्या दहावी नापास झालेल्या, ह्यांना तर कोणी मोजतच नाही. अंगणवाडी ताई आणि आशाताईंना विचारा, त्यांना घरन् घर माहिती असतं. २०२२ च्या जुलैत मिशन झिरो ड्रॉपआऊट म्हणून राज्यभर सर्व्हे झाला होता, चांगलं काम होतं ते, पण आमच्याकडच्या मुली जुलैत गावातच असतात, त्या जातात दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर. त्यामुळे यादी वर्षातून दोनदा करा, जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

घरी जाताना घोळक्याने जाऊ नका. सरपंच, मुख्याध्यापक, चार सदस्य आणि मोबाईलवर फोटो काढणारा एक जण असे सगळे दारात उभे राहिले की घरातली माणसं हो म्हणून मोकळी होतात आणि तुम्ही गेलात की दार लावून घेतात. दोघीजणी जा, त्यातली एक त्या घराच्या ओळखीची असू द्या. वेळ सांजेची, शेतातून येऊन हातपाय धुतले की माणूस बोलतो. हातात फाईल नको. आणि पहिल्या भेटीत कायदा काढू नका, दंड, पोलीस असलं काही बोलू नका, ते पुढे लागलं तर आहेच.

पहिल्यांदा आईशी बोला. ती निवडत असेल, टिपत असेल तर शेजारी बसून हात लावा आणि विचारत राहा. घरात आजी असेल तर तिला टाळून काही होत नाही, खूपदा आजीच म्हणते पोरीच्या जातीला काय करायचं शिकून, आणि एकदा का ती आपल्या बाजूला आली की तीच नातवंडं सांभाळायला तयार होते. वडिलांशी सगळ्यात शेवटी. आणि मुलीशी एकटीशी बोलणं व्हायलाच पाहिजे, नदीवर, हापशावर, जमेल तिथे. घरच्यांसमोर विचारलं की ती मला नाही शिकायचं असंच म्हणणार, आणि आईबाप लगेच बघा तिलाच नाही शिकायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि त्याच्या मागे दरवेळी वेगळंच काही निघालंय. कोणाला वाचता येत नाही म्हणून वर्गात लाज वाटते, कोणाला पाळी सुरू झाली आणि शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, कोणाला रस्त्यावर पोरं त्रास देतात आणि घरी सांगितलं तर शाळाच बंद होईल म्हणून ती आधीच घरी बसली. एका मुलीला सरांनी वर्गासमोर बोललेलं लागलं होतं, तेवढ्यावरून ती दोन वर्षं घरी होती आणि घरातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. पहिल्या भेटीत सांगितलेलं कारण खरं धरू नका, तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरं बाहेर येतं.

आता एकेका कारणाचं काय करायचं.

लहान भावंड सांभाळायचं असेल तर बघा गावातली अंगणवाडी किती वाजता उघडते आणि कधी बंद होते, कारण तीन वर्षांच्या वरचं मूल असेल तर निम्मा दिवस तिथेच सुटतो. राहिलेल्या वेळासाठी आजी, चुलती, शेजारची बाई अशी कोणीतरी शोधायची आणि हे आईने नाही तर तुम्ही पुढे होऊन ठरवायचं, आई संकोचाने कोणाला म्हणत नाही. एका वस्तीवर आम्ही तीन घरांची मिळून सोय लावली, एका आजीकडे तीनही बाळं आणि त्या बदल्यात त्यांच्या घरचं पाणी आणि सरपण ह्या तिघी मुली शाळेतून आल्यावर आळीपाळीने आणून द्यायच्या. त्यातल्या दोघी दहावीपर्यंत गेल्या. पैसे लागले नाहीत, पण बोलणी करायला आठ-दहा चकरा लागल्या.

पाणी आणि स्वयंपाक असेल तर घरातल्या मुलांना त्यातलं काही द्या असं स्पष्ट बोला. हे बोलायला आपणच कचरतो. थोरला भाऊ सोळा वर्षांचा असून गाडीवर फिरतो आणि बारा वर्षांची बहीण चार खेपा आणते, हे आईला पण कळतं, कोणीतरी म्हणायला पाहिजे असतं. एक खेप जरी भावाने आणली तरी मुलीची दहाची वेळ गाठली जाते.

ऊसतोडीचं सगळ्यात अवघड. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे तोडीची एक जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघायचं ते मार्च-एप्रिललाच परत. मोठी मुलगी बरोबर नेतात कारण तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, भाकरी कोण करणार आणि लहान्यांना कोण बघणार, आणि गावात तिला एकटीला ठेवायची भीती पण असते, ती खोटी नाही. इथे काम सप्टेंबरमध्येच सुरू करायला पाहिजे. शाळेकडून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे हा प्रश्न विचारायचा हक्क गावातल्या आयांनाच आहे. मोठ्या मुलींसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, ती तुमच्या तालुक्यात कुठे चालू आहेत ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. आणि समजा मुलगी गेलीच बरोबर, तर जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं आणि परत आली की इथली शाळा पण तिला घेते. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा फोन करून पोरगी शाळेत बसते का विचारलं तरी फरक पडतो, मी बघितलंय.

रस्त्याचं म्हणाल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून, आणि तरी कित्येक घरात हे माहीत नसतं. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या निळ्या बस आहेत आणि आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत पण मिळते, तुमचा तालुका त्यात आहे का बघा. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आगारप्रमुखांना अर्ज द्या, सोबत मुलींची नावं आणि शाळेची वेळ. आमच्याकडची गाडी अशीच पाऊण तास अलीकडे आली, तीन अर्ज गेले त्याला. जिथे बस नाही तिथे मुलींचा गट करा, चार-पाच जणी एकत्र निघाल्या की घरच्यांची निम्मी काळजी कमी होते. त्रास देणारी पोरं असतील तर नावानिशी त्यांच्या घरी जा, मुलीला त्यात पुढे करू नका.

घरात एकच पालक असेल, वडील वारलेले असतील किंवा सोडून गेले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत नाव घालायला लावा, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते, वेळ लागतो पण मिळतात. घर फारच लांब, किंवा घरात राहून शिकणं शक्यच नाही अशी परिस्थिती असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय बघा, २००४ पासून आहेत ही निवासी शाळा, शाळा सुटलेल्या मुलींसाठीच काढलेल्या, मराठवाड्यात काही तालुक्यांत आहेत, नंदुरबार-गडचिरोलीकडे आहेत. नेऊन दाखवा आधी. आईला आणि मुलीला दोघींना घेऊन जा, झोपायची खोली, संडास, जेवण सगळं बघू द्या, वॉर्डन मॅडमशी बोलू द्या, तरच आईला झोप लागते.

आता कुठल्या वयाच्या मुलीला कुठे घालायचं हे नीट समजून घ्या कारण इथे लोक खूप चुकीचं सांगतात.

सहा ते चौदा वयाची असेल तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा तिच्या बाजूने आहे. शाळेला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, म्हणजे तेरा वर्षांची मुलगी चौथीतून बसली असेल तर तिला परत चौथीत लहान पोरांत बसवायचं नाही, तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, ते कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं चालू शकतं. मध्येच चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत तिचा मोफत शिक्षणाचा हक्क जात नाही. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर होतोय म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून पण नाही, वर्षाच्या मधे आली म्हणून पण नाही. एका शाळेत आम्हाला तीन वेळा परत पाठवलं, आधी टीसी आणा, मग आधार आणा, मग जूनमध्ये या. तिसऱ्या वेळी मी म्हटलं सर प्रवेश देत नाही एवढं कागदावर लिहून द्या, मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जाते. त्याच दिवशी नाव पटावर आलं. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी शाळाबाह्य मुलांना परत आणायला बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक असतात, केंद्रप्रमुखांना विचारलं की कळतं, ते भेटले तर तुमचं काम फार हलकं होतं.

आठवी झाली की मात्र सावध व्हा. सरकारी शाळेतली पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण हे सगळं आठवीपर्यंत असतं आणि नववीला एकदम थांबतं, तोच काळ मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू व्हायचा. फी मुलींना बारावीपर्यंत माफ आहे, पण ड्रेस, दप्तर, वह्या, गाईड असं मिळून गरीब घराला जड जातं. नववीच्या आधीच्या मे महिन्यात ह्याची तजवीज करून ठेवा, मागच्या वर्षीच्या मुलींची पुस्तकं गोळा करा.

पंधरा-सोळाच्या पुढची असेल आणि रोज शाळेत जाणं जमणारच नसेल तर बाहेरून दहावी. राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म सगळ्यांना माहीत असतो नावाने, पण तो फेब्रुवारीत आठवतो आणि भरायचा असतो पावसाळ्यात. मंडळाच्या वेबसाईटवर तारखा येतात, जुलैपासून बघत राहा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो हरवला असेल तर डुप्लिकेट आणि प्रतिज्ञापत्र, शिवाय आधार आणि फोटो. ऑनलाईन भरून मग कागद नेमलेल्या शाळेत द्यायचे. त्याच शाळेत तोंडी, प्रात्यक्षिक, वह्या ह्यांचं कधी काय आहे ते लगेच विचारून घ्या, फॉर्म भरला आणि थेट परीक्षेलाच गेली असं झालं तर तिचे ते गुण हकनाक जातात.

दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला तिथून दहावी देता येते, मराठी माध्यमातून पण देता येते, पाच विषय, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे ह्या वेळी दोन विषय पुढच्या वेळी दोन असं सावकाश करता येतं. गणित तिथे घ्यायलाच पाहिजे असं नाही. गणितात अडकून बसलेल्या मुलींना मी हा रस्ता सांगते, पण पुढे तिला काय करायचंय, आयटीआय की नर्सिंग की आणखी काही, आणि तिथे कुठले विषय लागतात हे आधी बघून मगच. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ पण २०१७ पासून आहे, तिथून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते, ज्या मुली फार लवकर सुटल्या त्यांना ते बरं पडतं.

आणि दहावी नापास मुलगी. तिला वाटतं सगळं गेलं, घरचे म्हणतात बस आता. तिला समोर बसवून गुणपत्रिका उघडा आणि पास झालेल्या विषयांवर बोट ठेवून दाखवा, हे झालेत, हे परत द्यायचे नाहीत, राहिलेले तेवढेच द्यायचे. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला पण बसता येतं. निकाल लागल्यापासून पुरवणी परीक्षेच्या फॉर्मला थोडेच दिवस असतात म्हणून निकालाच्याच आठवड्यात तिच्या घरी जा.

कागदाची एक गोष्ट जपा, नाव आणि जन्मतारीख. टीसीवर एक, आधारवर एक, रेशनकार्डावर तिसरंच असं असतं. शाळेच्या रजिस्टरमधली चूक मुलगी शाळेत असताना दुरुस्त करून घ्या, दहावी झाल्यावर फार किचकट होतं. लग्न झालेल्या मुलींचं तर आधार सासरच्या नावाने बदललेलं असतं आणि परीक्षेचा फॉर्म टीसीच्या नावाने भरायचा असतो, तिथे अडतं. जमलं तर घरच्यांना सांगा की दहावी होईपर्यंत आधारला हात लावू नका.

प्रवेश झाला म्हणजे खरं काम सुरू झालं. दोन-तीन वर्षं घरी बसलेली मुलगी वाचायला विसरलेली असते. तिला एकटीला बसवून वाचायला लावा, परीक्षा घेतोय असं नको, तिचंच आधार कार्ड द्या, किराण्याच्या पुडीचा कागद द्या. जोडाक्षर आलं की ती थांबते, बोट तिथेच ठेवून तुमच्याकडे बघते, मग कळतं कुठून सुरुवात करायची. अशा मुलीला थेट आठवीच्या इतिहासाच्या धड्यात टाकलं तर ती आठ दिवसांत पळते. शाळा उघडायच्या आधी महिना-दोन महिने संध्याकाळी तासभर बसवा, वाचन आणि चार क्रिया एवढंच. गणितात मुली कच्च्या असतात असं म्हणतात पण वेचणीला गेलेल्या मुलीला तोंडी विचारा, आज किती किलो कापूस झाला, कसा किलो, किती पैसे झाले, क्षणात सांगते. तोच हिशेब मग पाटीवर मांडायला शिकवायचा. एकीला मी असा गुणाकार मांडून दाखवला तर ती पाटीकडे बघतच राहिली, म्हणाली बाई हे तर मी रोजच करते.

वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवा. पहिल्या दिवशी कुठं होतीस इतके दिवस असं वर्गासमोर विचारायचं नाही, उभं करून वाचायला लावायचं नाही, ओळखीच्या मुलीशेजारी बसवायचं. एवढं तीन-चार आठवडे सांभाळलं की ती रुळते. ड्रेस आधी बघा, जुना घट्ट होतो आणि त्या लाजेने मुली येत नाहीत, कोणाला सांगत पण नाहीत.

पहिले तीन महिने तुम्ही मागे लागून राहायचं. सलग दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी तिच्या दारात, आठवडा जाऊ द्यायचा नाही. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसात सगळ्या आया मुलींना रोजाने नेतात, ते पूर्ण थांबवता येत नाही हे मी मान्य करते, पण रविवार आणि सुट्टी धरून किती दिवस जाणार ते आधी ठरवून घेता येतं आणि शिक्षकांना सांगून ठेवता येतं, म्हणजे नाव कमी होत नाही आणि ती परत यायला लाजत नाही. पाळीच्या दिवसात गैरहजर राहत असेल तर शाळेत पॅड, पाणी आणि कडी ह्या तीन गोष्टी बघा, मॅडम असतील तर त्यांच्याकडे दोन-चार पॅड ठेवायला द्या.

लग्नाचं शेवटी सांगते कारण तिथे चूक झाली तर मुलीच्या जिवावर येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, परभणी जिल्ह्यात ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७. मुलगी शाळेत आहे तोवर लग्नाचा विषय निघाला तरी परीक्षा होऊ द्या म्हणून पुढे ढकलता येतो, घरी बसली की ढकलायला कारणच उरत नाही. नुसती बोलणी चालू असतील तर घरात जाऊन बोला, मामा, आत्या असं घरचे ज्याचं ऐकतात ते माणूस शोधा. तारीख ठरली असेल तर वेळ घालवू नका, १०९८ ह्या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा, गावात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात त्यांना कळवा. कळवणाऱ्याचं नाव बाहेर पडता कामा नये आणि मुलीने कळवलं असं तर चुकूनही पसरता कामा नये. लग्न थांबलं, अधिकाऱ्यांची गाडी निघून गेली, की ती मुलगी त्याच घरात चिडलेल्या माणसांबरोबर राहणार असते. पुढचे पंधरा दिवस रोज कोणीतरी तिच्याकडे डोकावलं पाहिजे, मारहाण वाटली तर परत १०९८, बालकल्याण समिती तिची राहायची सोय करते.

ज्यांचं झालंय त्यांना सोडून देऊ नका. लग्न झालेल्या मुलीने शिकू नये असा कुठला कायदा नाही. सासूशी बोला, नवऱ्याशी बोला, सासरच्या जवळची शाळा केंद्र म्हणून घ्या. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हॉल तिकीट बघा, केंद्र कुठलं, बस किती वाजता, परत यायला काय आहे. पहिल्या पेपरला तिच्याबरोबर कोणीतरी जा, ती गेटवर पाच मिनिटं थांबते, आत जायचा धीर होत नाही. बाळ असेल तर ते कोण धरणार हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. मागे एकीचं बाळ मी आणि तिची सासू मिळून केंद्राबाहेरच्या लिंबाखाली तीन तास सांभाळलं, सासूबाईंनी घरून दुपटं आणि खिचडी आणली होती, आणि बाळ झोपल्यावर त्या मला विचारायला लागल्या की बाई, बाकीचे पेपर कोणत्या कोणत्या दिवशी आहेत, तेवढ्या तारखा मला लिहून द्या.